दहावा डोस

पिवळा ताप म्हणजे कावीळ नव्हे. नोकरीच्या शेवटच्या अकरा वर्षांत हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं, की घरच्यांनी माझी नक्कल करायला सुरुवात केली होती. माणसं यायची आणि खुर्चीत टेकता टेकता सांगायची, "सिस्टर, मला लहानपणी कावीळ झालेली. गावाकडं उतरवून घेतली होती. मग ही लस कशाला?" त्यांना समजवायचं, की हा वेगळा ताप. आफ्रिकेत असतो, दक्षिण अमेरिकेत असतो, डास चावून होतो, आणि झाला तर त्याच्यावर खास असं औषध नाही. आपल्याकडे हा आजार नाही, पण तो पसरवू शकणारा डास मात्र आपल्याकडे घरोघर आहे. म्हणून तिकडे जाणाऱ्यानं आधी लस घ्यायची आणि पिवळं कार्ड पासपोर्टसोबत ठेवायचं. कार्ड नसताना तिकडून परत आलात, तर विमानतळावरून घरी जाता येत नाही, काही दिवस वेगळं ठेवतात.

सरकारी कागदावर तो 'पीतज्वर'. आमच्या रांगेत तो 'यलो फीवर', किंवा नुसतंच 'ते आफ्रिकेचं इंजेक्शन'.

मी आधी बावीस वर्षं वॉर्डात काढली. गुडघे बोलायला लागले तेव्हा मला पिंपरीच्या त्याच रुग्णालयातल्या या लसीकरणाच्या टेबलावर बसवलं. पिंपरीतच वाढलेली मी. वडील कारखान्यात फिटर. त्यांनी जन्मात पासपोर्ट पाहिला नाही. त्यामुळे चाकणच्या, भोसरीच्या कंपन्यांतली साधी पोरं नायजेरियाला, टांझानियाला मशिन बसवायला निघायची आणि त्यांच्या कार्डावर मी माझ्या अक्षरात नाव, पासपोर्ट नंबर लिहायची, तेव्हा मला बरं वाटायचं. ते अक्षर मी मुद्दाम वळणदार काढायची.

कामाचा पाया सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. ही लस भुकटी होऊन येते. काचेच्या छोट्या कुपीत पाच जणांची भुकटी. तिच्यात पाणी घातलं, की सहा तासांत पाचही डोस टोचून संपवायचे. उरलं ते फेकायचं. आणि ही लस महाग, शिवाय मोजकीच मिळणारी. म्हणून आम्ही आठवड्यातले ठरावीक वार ठेवायचो, पाचाच्या हिशोबानं माणसं बोलवायचो. चारच आली तर पाचव्यासाठी फोनाफोनी. एक डोस वाया गेला तरी रजिस्टरात कारण लिहावं लागे, आणि ते लिहिताना ताटातलं टाकल्यासारखं वाटे.

दुसरं म्हणजे, लस घेतल्यापासून दहा दिवसांनी कार्ड लागू होतं. हे कोणालाच पटायचं नाही. परवाचं तिकीट हातात घेऊन माणसं यायची. "मागची तारीख टाका ना सिस्टर, कोण बघतंय?" एकानं तर वाकडहून येताना माझ्यासाठी साडी आणली होती, पिवळी. विनोद म्हणून की लाच म्हणून, ते मला आजही कळलेलं नाही. साडी परत दिली, तारीख खरी टाकली, आणि त्याचं तिकीट बुडालं.

आणि तिसरं, प्रश्न. ही जिवंत विषाणूची लस, दुबळा केलेला पण जिवंत. त्यामुळे टोचायच्या आधी विचारावंच लागतं. एक वेल्डर आले होते, मावळातले, पन्नाशीचे, गळ्यात तुळशीची माळ. मी विचारलं, "अंड्याची ॲलर्जी आहे का?"

"अंडं कदी खाल्लंच न्हाई, तर ॲलर्जी हाय का न्हाई कसं सांगू?" ते म्हणाले. मग जरा थांबून, "पन अंड्याचं का इचारता?"

खोटं बोलता आलं असतं. मी सांगितलं, की ही लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात. त्यांनी माळ शर्टाच्या आत सरकवली, वरचं बटण लावलं आणि दंड पुढे केला. "पोरीचं लगीन हाय," एवढंच म्हणाले. टोचल्यावर काही त्रास होतो का बघायला अर्धा तास बाकावर बसवतो, तेवढा वेळ ते शर्टावरूनच माळ चाचपत होते.

अशा गमती विचाराल तर पुष्कळ सांगता येतील. पण निवृत्त झाल्यावर माझ्या डोक्यात एकच दिवस राहिला आहे, आणि तो गमतीचा नाही.

चाकणची एक कंपनी होती. बाटल्या भरायची मशिनं बनवणारी. नाव लिहीत नाही, लिहायची गरजही नाही. त्यांचे ॲडमिनचे साहेब दर दोन महिन्यांनी माणसं घेऊन यायचे. आपण त्यांना सावंत म्हणू. अतिशय नीटनेटका माणूस. सगळ्यांचे फॉर्म भरलेले, पासपोर्टांना रबर लावलेलं, माणसं बरोब्बर पाच किंवा दहा. माझं काम निम्मं व्हायचं. म्हणून मी त्यांना आत माझ्या टेबलाशेजारी बसू द्यायची. ते एकेकाला नावानं हाक मारायचे, पासपोर्ट पुढे सरकवायचे, मी टोचायची. तासाभरात दहा जण मोकळे. हे चुकीचं होतं. तपासणीच्या खोलीत पेशंट आणि आम्ही, तिसरं कोणी नको, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षात शिकवतात. मला ते माहीत होतं. पण सोयीचं होतं.

त्या दिवशी त्यांनी दहा जण आणले. नऊ पुरुष आणि एक मुलगी. वैशाली. तिशीच्या आतली, डिप्लोमा झालेली, मूळची जालन्याकडची. खिडकीतून पाहिलं, मिनीबसमधून उतरली तेव्हाच तिच्याभोवती तीन-चार जण काहीतरी विचारत होते आणि ती हातवारे करून त्यांना समजावत होती.

"ही आमची पहिली मुलगी, सिस्टर," सावंत म्हणाले. "केनियाला तीन महिने. मशिनचा सगळा प्रोग्रॅम हिनंच लिहिलाय. वरच्यांना पटवायला दोन वर्षं लागली मला."

ते खरंच कौतुकानं बोलत होते. हे मला नमूद केलं पाहिजे.

मी दोन्ही कुपी आधीच तयार करून ठेवल्या होत्या. दहा माणसं बाहेर बसलेली दिसत होती, मग वाट कशाला बघायची. अकराला पाणी घातलं. वैशालीचा नंबर दहावा आला. मी फॉर्मवर पेन टेकवून, नेहमीच्या आवाजात, मान वर न करता विचारलं, "गरोदर आहात का? शेवटची पाळी कधी आली?"

दार उघडं. बाकावर नऊ पुरुष. शेजारी साहेब.

उत्तर आलं नाही म्हणून मी वर पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, सावंतांकडे बघत होती. मग म्हणाली, "नाही." आणि एक तारीख सांगितली, पटकन, पाठ केल्यासारखी.

इतकी वर्षं बायकांच्या वॉर्डात काढल्यावर ते 'नाही' ओळखायला यंत्र लागत नाही. मी म्हटलं, "जरा आत चला, वजन करायचंय." आतल्या खोलीत नेऊन दार लावलं आणि लघवी तपासायची पट्टी तिच्या हातात दिली. ती परत आली तेव्हा पट्टी तिनं माझ्याकडे दिली नाही, टेबलावर पालथी ठेवली.

"मला परवाच कळलं," ती म्हणाली. "घरी कुणालाच सांगितलं नाहीये. नवऱ्यालासुद्धा नाही."

"अगं, मग लस कशी घेणार होतीस?"

"लस दिली तर काय होईल?"

मी खरं तेच सांगितलं. काही बायकांना नकळत दिली गेली आहे, बहुतेकींना काही झालं नाही, पण पोटातल्या बाळाला काही होणारच नाही अशी खात्री कोणी देत नाही. म्हणून टाळतात.

"मग द्या. मी सही करून देते. सिस्टर, तुम्हाला कळत नाहीये, या वेळी मी गेले नाही ना, तर ते परत कधीच कुठल्या बाईला पाठवणार नाहीत."

मी डॉक्टर मॅडमना बोलावलं. त्यांनी शांतपणे तिचं ऐकून घेतलं आणि मग सांगितलं, की लस देता येणार नाही. प्रकृतीच्या कारणानं लस देता आली नाही, असं पत्र त्या लिहून देऊ शकत होत्या, त्यावर विमानात बसता येतं. पण लस न घेता, पोटुशी असताना त्या भागात तीन महिने राहणं शहाणपणाचं नाही, हेही त्या बोलल्या. "स्त्रीरोगतज्ज्ञांची ओपीडी दोनला आहे. त्यांना भेटूनच जा. मग ठरव," म्हणाल्या आणि गेल्या.

वैशालीनं डोळे पुसले. रडली नाही, नुसते पुसले. म्हणाली, "सिस्टर, एक करा. बाहेर काही सांगू नका. ताप आहे म्हणा. पुढच्या वाराला येते म्हणा. मला आठ दिवस द्या. साहेबांना मी माझ्या पद्धतीनं सांगते. दुसऱ्या कुणाला पुढं पाठवून मी इथूनच काम बघते, असं काहीतरी मांडते. पण मला मांडू द्या."

"नाही सांगत," मी म्हटलं. मनापासून म्हटलं.

बाहेर आले. सावंत पासपोर्ट मोजत उभे होते. मी म्हटलं, "हिला कणकण आहे. आज नको. पुढच्या वाराला घेऊ."

त्यांनी मोजणं थांबवलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "सिस्टर, मला दोन मुली आहेत. मी काही विचारत नाही. तुम्ही काही सांगूही नका. फक्त एवढंच सांगा, मिनीबस आमची धडधडणारी, रस्ता तर तुम्हाला ठाऊकच आहे. हिला त्यातून जपून न्यायला हवं का?"

आणि मी म्हणाले, "जपून न्या."

दोन शब्द. काळजीनं म्हणाले, हे मी स्वतःला कितीतरी दिवस सांगितलं. नर्सला विचारलं, पोरीला जपायचं का, तर नर्स दुसरं काय म्हणणार? पण शब्द तोंडातून बाहेर पडताच सावंतांचा चेहरा बदलला. रागानं नव्हे. एखादा नट घट्ट बसला, की कारागिराचा बदलतो तसा. "बरं," ते म्हणाले. "तो डोस किती वाजेपर्यंत चालेल?"

मी घड्याळ पाहिलं. "पाचपर्यंत."

त्यांनी माझ्यासमोर फोन लावला. "प्रशांत फर्स्ट शिफ्टला आहे ना? पासपोर्ट असतो का त्याच्याकडे? घरी असेल तर घरून घे म्हणावं आणि ताबडतोब पिंपरीला ये."

बाकीच्या आठ जणांना घेऊन मिनीबस गेली. एक जण गरगरतंय म्हणून बसून राहिला होता. सावंत थांबले. वैशाली स्त्रीरोगतज्ज्ञांच्या ओपीडीबाहेर बसली होती, आमच्याच मजल्यावर, कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला. तिला फोनाबद्दल काही माहीत नव्हतं. मी तिच्याकडे जाऊन सांगू शकले असते. पंधरा पावलांचं अंतर. मी सिरिंजांचा हिशोब लिहीत बसले.

अडीचच्या सुमारास प्रशांत आला. घामाघूम, हेल्मेटनं केस चपटे झालेले, कंपनीचा निळा शर्ट. जिन्यातून वर आला आणि पहिल्यांदा त्याला वैशालीच दिसली. "मॅडम, तुम्ही इथंच का?" तो आनंदानं म्हणाला. "साहेबांनी अर्जंट बोलावलं, पासपोर्ट घेऊन निघ म्हणले. मी पण येतोय का तुमच्यासोबत?"

तिनं त्याच्या हातातल्या पासपोर्टकडे पाहिलं. मग कॉरिडॉरच्या या टोकाला, उघड्या दारातून, माझ्याकडे. मी मान खाली घातली.

प्रशांतला मी प्रश्न विचारले. अंडं खातो, ताप नाही, गोळ्या चालू नाहीत. दहावा डोस त्याच्या डाव्या दंडात गेला. कार्डावर मी त्याचं नाव लिहिलं. त्या दिवशी अक्षर वळणदार आलं नाही.

तो अर्धा तास बसायला गेल्यावर मी सावंतांना म्हटलं, "तिला विचारायचं तरी होतंत."

"काय विचारायचं होतं?" ते म्हणाले. "तुम्हीच म्हणालात, जपून न्या. आता तिला आफ्रिकेला पाठवतो आणि काही झालं तर जबाबदार कोण? मी तिच्या भल्याचंच केलं, सिस्टर. तुम्हीही भल्याचंच केलंत." आणि रबर लावलेले पासपोर्ट बॅगेत ठेवून, मला नमस्कार करून गेले.

पुढच्या वेळी ते आले तेव्हा मी त्यांना बाहेर बसायला सांगितलं. दार लावून, एकेकाला आत घेऊन, हळू आवाजात प्रश्न विचारले. दीड तास जास्त लागला. ते हसून म्हणाले, "सिस्टर, नियम फार कडक झाले हो तुमचे." नंतर नंतर त्यांनी दुसरं केंद्र धरलं. त्यांच्या माणसांत मुलगी मात्र परत कधी दिसली नाही.

दोनेक वर्षांनी, माझ्या निवृत्तीला काही महिने उरले असताना, प्रशांत कार्डाची दुसरी प्रत मागायला आला. पहिलं पॅन्टच्या खिशात राहून धुतलं गेलं होतं. आता तो टीम लीडर होता. मी वैशालीचं विचारलं.

"मॅडमनी सोडली की कंपनी," तो म्हणाला. "मी केनियात होतो ना, मशिन रोज अडायचं. मला काय येत होतं? रोज मॅडमला व्हिडिओ कॉल. उलट्या चालू असायच्या त्यांना, तरी सांगायच्या, हे दाब, ते बघ. मशिन चालू झालं तेव्हा साहेबांनी माझा फोटो लावला कंपनीत." तो ओशाळला. "बाळंतपणाची रजा संपवून आल्या, तर त्यांच्या जागेवर दुसरा. त्यांना मॅन्युअल टाइप करायला बसवलं. तीन महिने केलं त्यांनी ते. मग राजीनामा."

त्याची आणि तिची सोसायटी पुनावळ्यात शेजारी शेजारी निघाली. मी त्याला म्हटलं, "तिला विचार, मी भेटायला आलेलं चालेल का. नाही म्हणाली तर नको." दोन दिवसांनी त्याचा निरोप आला. या म्हणाल्यात.

रविवारी गेले. दार तिच्या सासूबाईंनी उघडलं. नाव सांगितलं मात्र, त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "तुमीच का त्या सिष्टर! या, बसा माय. तुमचे लय उपकार हायेत आमच्यावर. तुमी अडवलं म्हणून ही लेक हाय घरात, न्हाईतर ही निघाली होती आफ्रिकेला. सहा वर्सांनी पाळणा हलला बघा." खोलीभर खेळणी होती. दीडेक वर्षाची मुलगी सोफा धरून माझ्याकडे चालत आली आणि माझी पर्स ओढायला लागली. नवऱ्यानं खुर्ची दिली. सगळे माझ्याकडे देवमाणसाकडे बघावं तसे बघत होते.

वैशाली चहा घेऊन आली. बारीक झाली होती. कप ठेवला, मुलीला उचललं, बाजूला बसली. सासूबाई बोलत होत्या, मी हो हो करत होते. तासभर बसले आणि ज्यासाठी गेले होते ते बोलायला जागाच मिळाली नाही. भिंतीवर तिची कंपनीतली कसलीशी ट्रॉफी होती, तिला मुलीची टोपी अडकवली होती.

निघाले तेव्हा ती लिफ्टपर्यंत सोडायला आली. मुलगी कडेवर होती. मी बटण दाबलं.

"तुझ्या सासूबाई म्हणतात तसलं काही मी केलेलं नाही," मी म्हटलं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "लस दिली नाहीत ते बरोबरच होतं. ते मी कधीच मनात धरलं नाही. हिच्याकडं बघून तर नाहीच नाही." मुलीनं तिच्या कानातलं धरलं होतं, ते तिनं हळूच सोडवलं. "पण सांगायचं मी होतं, सिस्टर. मला आठच दिवस पाहिजे होते. मी बोलले असते. कदाचित त्यांनी तरीही नाहीच म्हटलं असतं. पण मग 'नाही' ते स्वतः म्हणाले असते, माझ्या तोंडावर. आता सगळे म्हणतात, बाळासाठी तूच मागं फिरलीस. घरात पण तेच म्हणतात. चांगलं म्हणून म्हणतात."

घरून निघताना चार वाक्यं जुळवली होती. वॉर्डाचा अनुभव, सावंतांनी कसं गोड बोलून विचारलं, मी कशी काळजीनं बोलले. त्यातलं एकही मी वापरलं नाही.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

मला वाटलं, ती म्हणेल, जाऊ द्या. आपल्याकडे तसंच म्हणतात. वयानं मोठी बाई दारात येऊन चुकलं म्हणाली, की समोरचा म्हणतोच, अहो, असं काय बोलताय.

"हो," ती म्हणाली. तिनं मुलीचा हात धरून मला टाटा करायला लावला, आणि लिफ्टचं दार बंद झालं.